पाचव्या अल्बमचं पहिलं गाणं

रविवारी जेवण झालं की मी नागापूरच्या शेडमध्ये जाते आणि दाराजवळ उपड्या घातलेल्या ऑइलच्या डब्यावर बसते. ही जागा मी शाळेत असल्यापासूनची. समोर माझा मोठा भाऊ माईक धरून उभा असतो, आणि त्याच्या गळ्यातून असा आवाज निघतो की पहिल्यांदा ऐकणारा माणूस त्याला पाणी द्यायला उठतो. याला डेथ मेटल म्हणतात. आमच्या बँडचे चार अल्बम झाले आहेत. पाचवा बरेच महिने पहिल्याच गाण्यावर अडून राहिला. तो माझ्यामुळे अडला, कारण ते गाणं मला मराठीत लिहायचं होतं आणि ते पप्पांच्या कानावर पडणार होतं.

‘आमचा बँड’ असं मी म्हणते, पण मी बँडमध्ये नाही. फोटोत नाही, स्टेजवर नाही. चारही अल्बमचे शब्द तेवढे माझे आहेत, आणि बाहेरच्या लोकांना जाणारे ईमेलही. दिवसा मी एमआयडीसीतल्या एका ऑफिसात कंपनीचे इंग्लिश ईमेल लिहिते आणि संध्याकाळी घरी येऊन बँडचे. परदेशातला कोणीतरी विचारतो, तुमच्या गाण्यांमागचं तत्त्वज्ञान काय? मी काहीतरी लिहून देते. अलीकडे ते उत्तर जुन्या ईमेलमधून उचलते. कंटाळा हा शब्द त्याला पुरत नाही. एकच साडी रोज इस्त्री करावी तसं वाटतं.

नगरमध्ये बँड म्हटलं की लोकांना लग्नाचा बँड आठवतो, आणि आमच्या बाबतीत ते अगदीच चुकीचं नाही. ड्रमरच्या घरचा तोच धंदा. लहानपणापासून तो वरातीत ताशा वाजवत आला. शेड त्याच्या मामाची. सोमवार ते शनिवार तिथे गेट आणि ग्रिल बनतात. गिटारवाल्याला सगळे सर म्हणतात, कारण तो मराठी शाळेत शिकवतो. रविवारी सकाळी तो चर्चमध्ये गिटार वाजवतो आणि तिथून थेट शेडमध्ये येतो, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट तसाच अंगावर. बेस वाजवणारे बदलत राहिले. कोणाचं लग्न झालं, कोणाची बदली झाली, एकाला घरच्यांनी गळ्यात ताईत बांधून परत नेलं. दादा, ड्रमर आणि सर मात्र टिकले. ड्रमर मला ‘कॉन्व्हेंट’ म्हणतो. माझं खरं नाव त्याला माहीत आहे की नाही, शंका आहे.

कॉन्व्हेंट या शब्दात थोडा टोमणा आहे आणि तो रास्त आहे. पप्पा कोल्हार सोडून नगरला एमआयडीसीत कामाला आले तेव्हा दादा गावातल्या शाळेत वरच्या वर्गात होता. त्याला काकांकडे ठेवलं. मी लहान, म्हणून मला सोबत आणलं आणि इंग्लिश मीडियमला घातलं. त्यामुळे एकाच घरात दोन भाषा वाढल्या. दादा सुट्टीत यायचा आणि ‘हाय’, ‘न्हाई’ करत बोलायचा. मी शाळेत शिकवल्यासारखी ‘थँक यू’ म्हणायचे आणि तो हसून हसून लोळायचा.

मी प्राथमिक शाळेत असताना पप्पांचा अपघात झाला. ते एका कंपनीत पॉवर प्रेस चालवायचे. खाली डाय म्हणजे साचा, वर पंच, मध्ये पत्रा; पायाने पायडल दाबलं की पंच खाली येतो आणि पत्र्याचा तुकडा कापला जातो. त्या दिवशी पत्र्याबरोबर उजव्या हाताची दोन बोटं गेली. कंपनीने सांगितलं, लक्ष नव्हतं. आईनेही पाहुण्यांना तेच सांगितलं, ‘जरा लक्ष चुकलं.’ पप्पा काही बोलले नाहीत. नंतर त्यांना त्याच कंपनीच्या गेटवर वॉचमन केलं. आजही ते तिथेच आहेत. ट्रक आला की डाव्या हाताने अडसर उचलतात, उजवा खिशात असतो.

दादा दहावी करून नगरला आला आणि आयटीआयला लागला. माझी शाळा बदलली नाही. यावर आमच्या घरात कधी चर्चा झाली नाही.

डेथ मेटल आमच्याकडे मोबाईलच्या दुकानातून आलं. तेव्हा दुकानदार मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचे. दादाने हिंदी गाणी मागितली. दुकानदाराने जागा उरली म्हणून ‘इंग्लिश’ असं लिहिलेला एक अख्खा फोल्डर त्यात ओतला. तोच फोल्डर मिळालेल्या बाकीच्या पोरांनी तो पुसून टाकला. दादा मात्र तो ऐकत बसला. ‘हे आमच्या वर्कशॉपसारखं वाजतंय,’ तो म्हणाला. ‘फक्त हितं कोनीतरी त्याच्यावर वरडतंय.’

पुढे सर आणि ड्रमर मिळाले आणि गाणी बसवायची वेळ आली. शब्द इंग्लिशच हवेत यावर तिघांचं एकमत होतं, आणि इंग्लिश यायचं एकालाही नाही. दादा माझ्याकडे आला. मी तेव्हा हायस्कूलला होते.

‘बारके, काहीतरी लिही इंग्लिशमधी. भयानक पायजे.’

‘भयानक म्हणजे कसं?’

‘रक्त, हाडं. मढी उठत्यात, असलं.’

मला मढ्यांबद्दल काहीच माहिती नव्हती. जीवशास्त्राचं पुस्तक होतं. मी त्यातून स्नायूंची आणि हाडांची नावं काढली आणि ती जोडत गेले. दादा ते देवनागरीत उतरवून घ्यायचा, पुठ्ठ्यावर, मार्करने, आणि तो पुठ्ठा समोर उभा करून ओरडायचा. मध्येच थांबून विचारायचा, ‘हे टेंडन म्हंजे काय गं?’ मी सांगायचे, स्नायू हाडाला बांधणारी दोरी. ‘मग चांगलंय,’ म्हणायचा आणि पुन्हा सुरू.

मी शाळेत तोंड न उघडणारी मुलगी. हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणतानाही माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा नाही. आणि इथे मी लिहिलेलं एक वाक्य चार भोंग्यांतून बाहेर पडत होतं, पत्रे थरथरत होते, आणि त्यातलं अक्षर कोणाला कळत नव्हतं. कोणालाही. मला हे फार आवडलं. त्या आवाजाआड काहीही ठेवलं तरी ते सुरक्षित राहणार होतं. मग मी तिथे पप्पांचा हात ठेवला. पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं त्याच हाताचं आहे, यंत्र, मांस, तुटणं, सगळं इंग्लिशमध्ये. ऐकणाऱ्याला वाटेल, डेथ मेटलवाले लिहितात तसंच लिहिलंय. दादाने मात्र एकेका शब्दाचा अर्थ विचारत ते उतरवलं आणि शेवटी माझ्याकडे एकदा पाहिलं होतं.

पहिल्या अल्बमला आम्ही ‘प्रेसवाला’ म्हणतो. मामाच्या शेडला लागून एक प्रेस शॉप होतं. तिथे वॉशर बनायचे. त्यांची आठवड्याची सुट्टी वेगळ्या वारी, त्यामुळे रविवारी शेजारची प्रेस चालू असायची, धप्प, धप्प, धप्प. आम्हाला ती सोयीची होती. तिच्यापुढे आमची तक्रार कोण करणार? रेकॉर्डिंगही आम्ही तिथेच केलं. इतकी वर्षं ऐकून प्रेसचा आवाज आमच्या कानांना येईनासा झाला होता, पण माईकला येत होता. अल्बम इंटरनेटवर गेला आणि बाहेरच्या लोकांनी कळवलं, की मागे तो जो जड ठोका आहे तो विलक्षण आहे, कसा काढलात? ड्रमर म्हणाला, ‘कॉन्व्हेंट, सांग त्यांना, शेजारी वॉशर बनत्यात म्हनून.’ मी लिहिलं, की ती आमची खास पद्धत आहे.

दादाने मोठ्या उत्साहाने तो अल्बम घरी लावला. पप्पा जेवत होते. गाणं सुरू झालं, ओरडणं सुरू झालं, तरी ते जेवत राहिले. मग गिटार थांबतात अशी एक जागा आली आणि नुसती प्रेस ऐकू आली. पप्पांनी ताट सरकवलं, हात धुतले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आई म्हणाली, ‘बंद कर ते.’ दादाने त्यानंतर घरी कधीच काही लावलं नाही.

दुसरा अल्बम पुण्याच्या स्टुडिओत झाला. गालिचा, एसी, भिंतींना स्पंज. आणि ड्रमरला वाजवताच येईना. पहिल्या गाण्यात तो पुढे पळाला, दुसऱ्यात मागे पडला. इंजिनिअरने त्याच्या कानात ठोक्याची टिकटिक दिली, तर म्हणाला, ‘ह्या घड्याळावर कोन वाजवनार? हे काय जेवायचं टायमिंग हाय का?’ सरांच्या लक्षात आलं. इतकी वर्षं तो शेजारच्या प्रेसवर ताल धरत आला होता आणि त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. शेवटी मामाला फोन केला, मामाने प्रेस शॉपच्या दारात उभं राहून तिचा आवाज मोबाईलवर टिपून पाठवला, आणि ड्रमरने तो कानात घालून अख्खा अल्बम वाजवला. इंजिनिअर काचेपलीकडे तोंड फिरवून हसत होता. अल्बम स्वच्छ झाला, धुऊन वाळत घातल्यासारखा. कोणाला फारसा आवडला नाही. आम्हालाही नाही.

तिसरा लॉकडाऊनमध्ये. प्रेस बंद, एमआयडीसी बंद, रस्त्यावर कुत्रीसुद्धा हळू चालायची. ज्याने त्याने आपापल्या घरी मोबाईलवर वाजवलं आणि सरांनी ते जोडलं. ती गाणी इतकी संथ आहेत की लोकांना वाटलं आम्ही मुद्दाम वळण घेतलं. चौथ्याला आम्ही ‘घशाचा’ म्हणतो, कारण दादाचा घसा त्यात गेला आणि मध्ये बराच काळ तो घरात खुणांनी बोलत होता. चौथा झाल्यावर मला वाटलं, आता बास. सगळे थकले होते. दादा कंपनीतून आठ तास उभं राहून यायचा. सरांच्या केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. मीही शब्द शोधत नव्हते, जुनेच हलवून मांडत होते. पण थांबू या असं म्हणायला कोणीतरी तोंड उघडावं लागतं, आणि ते काम मी कधी केलेलं नाही.

मग श्रीगोंदा झालं.

आम्ही बेंगळुरूपर्यंत वाजवून आलो होतो, पण आपल्या जिल्ह्यात कधीच नाही. श्रीगोंद्याच्या एका कॉलेजच्या गॅदरिंगला बोलावणं आलं. बोलावणाऱ्याला वाटलं रॉक बँड म्हणजे सिनेमातली गाणी. मांडव भरलेला, पुढच्या ओळीत प्राध्यापक, त्यांच्या मागे गावातली मंडळी, आणि त्यात आमची एक चुलत काकू, तिचं सासर तिथलंच. ती खास इस्त्रीची साडी नेसून पुतण्याला ऐकायला आली होती. मी तिच्या शेजारी बसले.

दादाने पहिला आवाज काढला तेव्हा मागून एक म्हातारे गृहस्थ खरोखर काळजीने म्हणाले, ‘पोटात कळ आली व्हय रं त्याच्या?’

‘न्हाई आबा, गानं हाय,’ त्यांच्या शेजारचा पोरगा म्हणाला.

‘आसं? मग संपल्यावर तरी दवाखान्यात न्या.’

दुसऱ्या गाण्यात लाईट गेली. लाईट गेली की कोणी घालवली, याची चौकशी आम्ही केली नाही. सामान टेम्पोत भरत असताना काकू दादाजवळ आली, त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

‘लई मोठा आवाज हाय रं तुजा. पर म्हनत काय हुतास? देवाचं हुतं का?’

दादा म्हणाला, ‘न्हाई काकू. असंच.’

‘असंच कसं? यवडं घसा फोडून कोन असंच वरडतंय व्हय?’ ती हसली आणि गेली.

परतीच्या वाटेवर पुढे उसाच्या ट्रॉल्या होत्या. टेम्पो त्यांच्या मागे हळूहळू सरकत होता. ड्रमर त्या म्हाताऱ्याची नक्कल करत होता, सर हसत होते, दादा ट्रॉल्यांकडे बघत होता. चहाला थांबलो तेव्हा तो माझ्याशेजारी येऊन उभा राहिला.

‘पाचवा मराठीत करायचा,’ तो म्हणाला. ‘आपल्या मान्सांना एक शबूद कळत न्हाई. यवडी वर्सं मी कुनासंगं बोलतोय?’

मी म्हटलं, ‘डेथ मेटल मराठीत कोणी ऐकेल का?’

‘पप्पा ऐकतील.’ त्याने ग्लास खाली ठेवला. ‘पहिलं गानं हाताचंच घ्यायचं, नव्यानं. मराठीत तूच लिही. मग मी पप्पांना शेडवर आनतो.’

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. माझी ती जुनी सवय आहे, समोरचा त्याला हवा तो अर्थ घेतो. दादाने हो असा घेतला.

घरी आल्यावर मी लिहायला बसले आणि काही होईना. आधी वाटलं, माझं मराठी कच्चं आहे. शाळेत ती तिसरी भाषा होती. पण कारण ते नव्हतं. इंग्लिशमध्ये मी रक्त लिहायचे तेव्हा ते नाटकातलं रक्त होतं, रंगवलेलं. मराठीत ‘रक्त’ लिहिलं की मला मोरीत बसलेली आई दिसायची, थंड पाण्यात खाकी शर्ट बुडवून पुन्हा पुन्हा चोळणारी. ‘यंत्र’ लिहिलं तर ते खोटं वाटायचं, कारण आमच्या घरात कोणी यंत्र म्हणत नाही, प्रेस म्हणतात. ‘तुटणं’ लिहिलं तर पुढे बोटच येणार, आणि बोट तर रोज समोर असतं, म्हणजे नसतं. ताटावर भाकरी मोडताना उरलेल्या बोटांची जी कसरत होते तिच्याकडे आम्ही तिघंही न बघता जेवतो. इंग्लिश गाण्यात जे भयंकर होतं ते मराठीत आलं की नुसतं आमचं घर व्हायचं. आणि ते आता पप्पांसमोर म्हटलं जाणार होतं. ज्यावर ते इतकी वर्षं एक शब्द बोलले नाहीत, त्यावर मी बोलणार होते, जिने कधीच कशावर शब्द काढला नाही.

दर रविवारी दादा विचारायचा, ‘झालं का?’ मी म्हणायचे, ‘होतंय.’ ड्रमर म्हणायचा, ‘कॉन्व्हेंट मराठीचा क्लास लावनार हाय म्हनं.’ बाकीची गाणी दादाने स्वतः लिहून आणली. एक उसाच्या ट्रॉलीचं आहे, एक नाईट शिफ्टचं, आणि ती चांगली आहेत. मला जरा लागलं. सुटल्यासारखंही वाटलं. त्याला माझी गरज फक्त या एका गाण्यापुरती उरली होती आणि तेच मी देत नव्हते. एकदा सर मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘नको असेल तर नको म्हणून सांग त्याला. तो ऐकेल.’ मी मान हलवली. नको असंही मला म्हणता येईना. म्हणाले असते तर ते गाणं संपलं असतं, आणि त्याबरोबर मी कधीतरी काही बोलेन ही शक्यताही.

मधल्या काळात शेजारचं प्रेस शॉप विकलं गेलं. नवीन मालकाने कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं आणली. ती फक्त गुणगुणतात. ड्रमर मोबाईलवरची जुनी प्रेस कानात घालून वाजवायला लागला.

शेवटी मी लिहिलं ते ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत. एक मोठी गिऱ्हाईक कंपनी ‘ऑपरेटरच्या निष्काळजीपणाने’ खराब झालेल्या मालाबद्दल खुलासा मागत होती, आणि मी तो खुलासा सफाईने, विनम्र इंग्लिशमध्ये लिहून पाठवला होता. पाठवल्यावर मला स्वतःचाच इतका शीण आला की मी डबा न उघडता कागद घेतला. सजवायची ताकद नव्हती. जे आमच्या घरात बोललं जातं तेवढंच लिहिलं. सकाळची शिफ्ट. पत्रा थंड. पाय पायडलवर. हात एकदा उशिरा निघाला. आई मोरीत. मी शाळेत डबा खात होते, भेंडीची भाजी होती. एवढंच.

दादाने वाचलं. मग पुठ्ठा घेऊन मार्करने मोठ्या अक्षरांत उतरवायला लागला. या वेळी कुठल्याच शब्दाचा अर्थ त्याने विचारला नाही.

पुढच्या रविवारी तो पप्पांना स्कूटरवर घेऊन आला. ते गेटवरची सकाळची ड्युटी करून आले होते, अंगावर वॉचमनचाच शर्ट. दारात जरा थांबले, शेजारच्या शेडकडे बघितलं. ‘प्रेस न्हाई आता?’ दादा म्हणाला, ‘न्हाई. गेली.’ मग आत आले. मी माझा ऑइलचा डबा त्यांना बसायला दिला आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

ड्रमर म्हणाला, ‘काका, कानाला कापूस देऊ का? लई आवाज होनार हाय.’

‘प्रेसपुढं उभं राहिलेल्याला तुजा ताशा काय करनार?’ पप्पा म्हणाले. ‘वाजव.’

त्यांनी वाजवलं. दादाने डोळे मिटून, पूर्ण जीव लावून ते गाणं म्हटलं, मी लिहिलेलं, मराठीत, अक्षर न अक्षर. मी पप्पांकडे बघत नव्हते. मी त्यांच्या चपलांकडे बघत होते. गाणं संपलं, झांजा थरथरत राहिल्या, ड्रमरने त्या हाताने धरून बंद केल्या.

पप्पा दादाकडे बघत म्हणाले, ‘चांगलंय. दम लई हाय तुजा.’ मग पुढे वाकून, ‘पर म्हनत काय हुतास?’

मग सरांना हसू फुटलं, आणि मग ड्रमर स्टुलावरून जवळजवळ खाली आला. ‘आयला! ह्ये कुनाच्याच डोक्यात आलं न्हाई!’ खरंच आलं नव्हतं. इतकी वर्षं आम्ही धरून चाललो होतो की लोकांना इंग्लिश कळत नाही. त्या आवाजात मराठीही कळत नाही, कुठलीच भाषा कळत नाही, हे मेटल ऐकणारं शेंबडं पोरही सांगेल. आम्ही चौघं मिळून ते विसरलो होतो.

दादा हसला नाही. त्याचा चेहरा श्रीगोंद्याहून परतताना चहाच्या टपरीवर होता तसा झाला. त्याने पुठ्ठा उचलला, पप्पांच्या पुढे धरला आणि परत मागे घेतला. पप्पांचा चष्मा घरी होता. मग त्याने तो माझ्याकडे केला.

‘तू वाच, बारके.’

‘तूच वाच ना.’

‘माजा घसा गेलाय. वाच.’

घसा गेला नव्हता. मी पुठ्ठा घेतला. दादाचं अक्षर मोठं, वाकडं. मी वाचलं. माझा आवाज पहिल्या दोन ओळी बाहेर आलाच नसेल. ड्रमरने ऑइलच्या डब्याजवळचा पंखा बंद केला. सकाळची शिफ्ट, पत्रा थंड, पाय पायडलवर. ‘हात एकदा उशिरा निघाला,’ मी वाचलं, आणि पप्पा म्हणाले, ‘न्हाई.’

मी थांबले.

‘उशिरा न्हाई निघाला,’ ते म्हणाले. त्यांनी खिशातला हात बाहेर काढला होता आणि तो गुडघ्यावर ठेवला होता, जसा कोणीही ठेवतो तसा. ‘पायडल मी एकदाच मारलं हुतं. तुकडा पडला, म्हनून हात घातला काढाया. प्रेस दुसऱ्यांदा आली. आपली आपन.’ त्यांनी डाव्या हाताने वरून खाली खूण केली, दोनदा. ‘लक्ष हुतं माजं.’

‘मग सांगितलं का न्हाई कुनाला?’ दादाने विचारलं.

‘सांगितलं की. तवा सांगितलं. म्होरं कुनी इचारलं न्हाई.’

ते माझ्याकडे वळले. ‘पुढं काय लिवलंय?’

मी पुढचं वाचलं. आई मोरीत, शर्ट, माझा डबा. भेंडीवर ते किंचित हसले. ‘भेंडी तुला आवडायची न्हाई,’ म्हणाले. मग सरांनी आणलेला चहा घेतला, बशीत ओतून, आणि पिऊन झाल्यावर दादाला म्हणाले, आता घरी सोड, पाय दुखतायत.

दादा त्यांना सोडून परत येईपर्यंत मी मार्करने ती ओळ खोडून खाली नवीन लिहिली. पायडल एकदा, प्रेस दोनदा. ड्रमर माझ्या खांद्यावरून वाचत होता. त्याने काही विनोद केला नाही. मोबाईल काढून कानातली वायर उपसली, म्हणाला, ‘ही आता नको,’ आणि जाऊन बसला. दादा आल्यावर त्यांनी ते गाणं पुन्हा घेतलं. ओळ आली, ठोका पडला, आणि जिथे कोणीही शांततेची वाट बघेल तिथे ड्रमरने, कुठल्याच मापात न बसणारा, दुसरा मारला. सर दचकले. दादाचा अर्धा श्वास चुकला.

‘तिथं तसाच ठेव,’ मी म्हणाले. ते सगळ्यांना ऐकू गेलं.